कादंबरीतला घरचा मार : लिहिणाऱ्यांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

परभणीत आम्ही काही जण नव्या लेखकांची हस्तलिखितं वाचून अभिप्राय देतो. बाड बीडहून येवो की हिंगोलीहून, त्यात एक मार खाणारी बाई असतेच असते. लिहिणारा कधी तिचा मुलगा असतो, कधी शेजारी, कधी ती स्वतः. फोनवर आणि भेटीत जे प्रश्न परत परत येतात ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरं माझी आहेत. गटातल्या सगळ्यांना ती पटतात असं नाही, विशेषतः विहिरीत जीव देणाऱ्या नायिकेबद्दलचं.

माराचा प्रसंग कादंबरीत किती वेळा यावा?

एकदा, नीट. दुसऱ्यांदा आला तर मधल्या काळात काहीतरी बदललेलं असावं : बघणारा बदलला असेल, निमित्त बदललं असेल, किंवा तिनं पहिल्यांदाच हात धरला असेल. तिसऱ्यांदा तेच आलं की वाचक पानं उलटायला लागतो आणि त्यात त्याचा दोष नसतो.

घरात मार आहे हे न मारताही दाखवता येतं. आमच्याकडे आलेल्या एका बाडात असं पान होतं : बापाची मोटारसायकल गल्लीच्या तोंडाशी आली की आई टीव्हीचा आवाज बारीक करते, थोरली ओट्यावरचा बत्ता उचलून पिठाच्या डब्यामागं सरकवते, धाकटा पुस्तक उघडून बसतो. गाडी स्टँडवर लागली तर माणूस बरा आहे. भिंतीला टेकवली तर नाही. त्या दिवशी गाडी स्टँडवर लागते. बाप आत येतो, जेवतो, झोपतो. सकाळी थोरली बत्ता जागेवर ठेवते. अख्ख्या पानात कुणी कुणाला बोटही लावलेलं नाही आणि तरी वाचताना आमच्यातल्या एकानं मध्येच उठून पाणी प्यायलं.

मारामुळं पात्रांचं आयुष्य बदलतं म्हणजे नेमकं काय बदलतं?

बहुतेक जण याचं उत्तर पात्राच्या मनात शोधतात. ती खचली, ती आतून तुटली, तिचा माणसांवरचा विश्वास उडाला. असेलही. पण अशा वाक्यांनी कादंबरी पुढं सरकत नाही. मी उलटा प्रश्न विचारतो : तिला त्या घरातून निघायला रस्ते किती होते, आणि कोणता रस्ता कोणत्या साली बंद झाला? हे कागदावर मांडलं की कथानक आपोआप उभं राहतं.

माहेरचा रस्ता घ्या. लग्नानंतरच्या पहिल्या पंचमीला भाऊ मुराळी म्हणून, म्हणजे तिला माहेरी न्यायला, येतो तेव्हा ती दंडावरचा वळ पदराखाली घेते. दुसऱ्या पंचमीला आईला सांगते. बाप म्हणतो, "नांदून घे माय, लेकरं झाली की माणूस ताळ्यावर येतो." तिसऱ्या पंचमीला भावाचं लग्न झालेलं असतं, भावजय घरात असते, आणि आई विचारते, "कधी निघणार हाईस?" कुणीही वाईट वागलेलं नाही. रस्ता मात्र संपला.

मग हक्कसोड, म्हणजे बहिणीनं जमिनीतला आपला हिस्सा भावासाठी सोडणं. हिंदू वारसा कायद्यात महाराष्ट्रात १९९४ पासून (तेव्हा लग्न झालेल्या मुली सोडून) आणि देशभर २००५ पासून मुलीला वडिलोपार्जित जमिनीत मुलाइतकाच हिस्सा आहे. व्यवहारात बहिणीला तहसीलला किंवा रजिस्ट्री कचेरीत नेऊन सही घेतली जाते, वर एक साडी. मार खाणारी बहीण ही सही का करते? कारण ती भावाला "नाही" म्हणाली तर उद्या रात्री-अपरात्री लेकरं घेऊन जायचं कुठं, हा प्रश्न तिच्यापुढं असतो. माहेर उघडं राहावं म्हणून ती माहेरची जमीन सोडते. आणि जमीन सुटल्यावर भावाला तिची गरज उरत नाही. एवढ्या एका सहीवर दोनशे पानं उभी राहू शकतात, आणि तरी आमच्याकडे येणाऱ्या बाडांत हक्कसोडपत्र जवळजवळ नसतंच. सातबारा न पाहता मराठवाड्यातल्या बाईची कादंबरी लिहू नये, असं माझं मत आहे.

साटंलोटं हा तर कथानकाचा तयार सांगाडा. आपली मुलगी त्या घरी, त्या घरची आपल्या घरी. इकडं एकीला मारलं की तिकडं दुसरीला माघारी धाडतात. सुखानं नांदणारी बाई नणंदेच्या माराची शिक्षा भोगते. तसंच आत्याच्या घरात दिलेली मुलगी. तिची सासू म्हणजे तिच्या बापाची बहीण. तिनं तोंड उघडलं तर भाऊ-बहिणीचं नातं तुटणार, म्हणून आजीच तिला म्हणते, "माझ्या लेकरांत वाकडं आणू नको."

आणि ज्याला कुणी मारत नाही त्याचंही आयुष्य बदलतं. थोरली माघारी आली म्हणून धाकटीची सोयरीक मोडते. तिला समजूनच येत नाही की आपण काय केलं.

माझी नायिका शेवटी विहीर जवळ करते. गटाला ते का खुपतं?

खोटं वाटतं म्हणून नव्हे. असं घडतं, सगळ्यांना माहीत आहे. पण हस्तलिखितात ते घडतं तेव्हा बहुतेक वेळा लेखकाला तिचं पुढं काय करावं हे सुचलेलं नसतं. ती गेली की गाव रडतं, नवरा पश्चात्तापानं भिंतीवर डोकं आपटतो आणि लेखक मोकळा होतो.

मार खाणाऱ्या बहुतेक बाया जगतात. वीस-तीस वर्षं जगतात. बचत गटात दर महिन्याला शंभर रुपये भरतात, एक शेळी घेतात, ती शेळी कुणाची यावरून पुन्हा भांडण होतं. लेकरांची लग्नं लावतात. मग एके दिवशी नवऱ्याला लकवा मारतो आणि तिच्यावरच त्याला पेज भरवायची पाळी येते. ती भरवते का? गरम भरवते की निववून? शेजारणी म्हणतात, "कशी सेवा करते बघा." ती काय ऐकते? या बाईला सोडून विहिरीकडं जाणाऱ्या लेखकाला मी आळशी म्हणतो. गटातल्या दोघांना हे फार कठोर वाटतं.

तरीही मृत्यू लिहायचाच असेल तर तो कसा झाला याचं बारीक वर्णन टाळा. वाचणाऱ्यांत तसल्याच रात्रीतून जाणारी कुणी असू शकते. मृत्यूनंतरच्या चोवीस तासांत मात्र खूप काही आहे, ते पुढं येतंच.

ऊसतोड कामगारांच्या घरातला मार वेगळा असतो का?

वेगळा असतो, कारण तिथं नवरा-बायको मिळून एक मजूर मोजला जातो. जोडी म्हणजे एक कोयता. एकट्या माणसाला अर्धा कोयता म्हणतात. मजूर नेणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, नवरा घेतो, हिशेब त्याच्या नावानं, फेडायची मात्र दोघांच्या अंगानं. दिवाळीच्या आगेमागे गाड्या भरतात, सांगली-कोल्हापूरकडं किंवा कर्नाटकात, आणि होळी-पाडव्यापर्यंत परत येतात. पाचटाच्या नाहीतर प्लॅस्टिकच्या कोपीत सहा महिने. ना दार, ना शेजारचं कुणी ओळखीचं. माहेर दोनशे-तीनशे किलोमीटरवर.

बाई पळून गेली तर नवरा अर्धा कोयता होतो आणि उचल अंगावर राहते. म्हणून तिला शोधायला नवऱ्याच्या आधी मुकादम निघतो. तिच्या माहेरच्या दारात जीप उभी राहते आणि बापाला मुलीच्या वळांबद्दल नाही, पैशांबद्दल विचारलं जातं. कधी मुकादमच मार थांबवतो. त्याचं वाक्य मी एका बाडात वाचलं आणि विसरलो नाही : "तिचा हात मोडू नको रे, फड पडून राहील." दया कुठून येते हेही कादंबरीत दिसायला हवं.

बीडमधल्या ऊसतोड बायांच्या गर्भपिशव्या काढण्याचं प्रकरण २०१९ मध्ये गाजलं आणि राज्य सरकारनं चौकशी समिती नेमली. त्यावर लिहिणारे बहुतेक डॉक्टर आणि मुकादमावर थांबतात. घरात बघा. पाळीत काम बुडालं की खाडा, खाड्याचे पैसे कापले जातात, आणि पैसे कापले म्हणून रात्री मार. ऑपरेशनला ती स्वतःहून तयार झाली असं जेव्हा म्हणतात तेव्हा त्या तयारीत ती रात्र धरलेली असते.

तिच्या पोरीचं पुढं काय? वयात आलेली मुलगी सहा महिने गावात कुणाच्या भरवशावर ठेवायची, म्हणून पंधराव्या वर्षी लग्न. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत वीस ते चोवीस वयाच्या बायांपैकी अठराच्या आत लग्न झालेल्या महाराष्ट्रात सुमारे २२ टक्के निघाल्या, बीडमध्ये चाळिसाच्या वर आणि परभणीत जवळजवळ निम्म्या. तेव्हा तुमच्या कादंबरीतली नायिका मार खायला लागते त्या वेळी दहावीच्या वयाची असण्याची शक्यता बरीच आहे. तिला तिशीतल्या बाईसारखं विचार करायला लावू नका.

दारूमुळं मारतो असं दाखवलं तर चालेल?

चालेल, पण तो दारू पिऊन आणखी कुणाला मारतो ते सांगा. मुकादमाला? सोसायटीच्या सचिवाला? दारूत झोकांड्या खात असलेला माणूस मोठ्या भावापुढं आवाज खाली करतो आणि घरात आल्यावर बरोबर बायकोचीच वेणी धरतो, म्हणजे एवढी शुद्ध त्याला असते. न पिणारे, माळकरी, शाळेत शिकवणारे मारतात ते कशानं? एखाद्या तरी बाडात नवरा निर्व्यसनी असावा अशी माझी जुनी मागणी आहे.

मारणाऱ्याला राक्षस करू नका, असं आम्ही सांगितलं की काही जण त्याला एकदम बिचारा करतात : सावकार, दुष्काळ, कापसाचा भाव. नापिकी खरी आहे. पण ज्या वर्षी तूर चांगली झाली त्या वर्षीही तो मारत होता का, हे लेखकाला माहीत असलं पाहिजे.

सासूला वाईट दाखवल्याशिवाय गोष्ट रंगत नाही. काय करू?

सासूचा हिशेब मांडा. ती तेराव्या-चौदाव्या वर्षी या घरात आली. तिच्या नावावर काही नाही. नवरा गेला किंवा असून नसल्यासारखा. तिचं जेवण, तिची औषधं, तिची वारी सगळं लेकाच्या मर्जीवर. सुनेच्या बाजूनं एक शब्द बोलण्याची किंमत तिला ठाऊक आहे. म्हणून ती मार चालू असताना शेळीला पाला घालायला उठते. हा पाला घालण्याचा प्रसंग मला कुठल्याही किंचाळणाऱ्या सासूपेक्षा जास्त भीतीदायक वाटतो.

काही घरांत मात्र सासू लेकाचा हात धरते आणि तिलाच लागतं. २००५ चा घरगुती हिंसाचाराचा कायदा आईलाही तक्रार करू देतो, लेकाविरुद्ध. असं एखादं पात्र अजून आमच्या हाती यायचं आहे.

मुलगा मोठा होऊन बापासारखाच होतो, असा शेवट केला आहे. कसा वाटतो?

अपेक्षित. निम्म्या बाडांत हाच शेवट असतो, उरलेल्यांत तो शिकून अधिकारी होतो आणि आईला शहरात नेतो. दोन्ही घडतं. मला तिसरा मुलगा वाचायला आवडेल : जो पुण्यात स्पर्धा परीक्षेच्या नावाखाली सात वर्षं काढतो, कारण घरी गेलं की मध्ये पडावं लागतं आणि तो पडत नाही. आईला दर रविवारी फोन करतो आणि "बरी आहेस ना" असं विचारतो, म्हणजे तिला "हो" म्हणणं सोपं जावं.

मुलींकडं लेखक कमी बघतात. मार बघत वाढलेली एखादी मुलगी पहिलं जे स्थळ येईल त्याला होकार देते, निव्वळ त्या घरातून निघायचं म्हणून. तिची बहीण लग्नालाच नकार देते आणि गावाच्या तोंडी येते. एकाच घरातल्या दोघी. कोण चुकलं हे कादंबरीनं ठरवायची गरज नाही.

कायदा कादंबरीत किती आणावा? आणि तो बरोबर कसा आणावा?

थोडा आणा पण नीट आणा, कारण सगळ्यात जास्त घोळ इथंच असतात. संध्याकाळी बाई ठाण्यात गेली आणि रात्री नवऱ्याला बेड्या पडल्या, असं सिनेमात होतं. प्रत्यक्षात आधी अर्ज घेतात किंवा अदखलपात्र नोंद करतात, मग महिला तक्रार केंद्रात पाठवतात. तिथं दोन्ही बाजूंना तारखेला बोलावतात. समुपदेशन होतं, समेट होतो, लेखी हमी दिली जाते, ती महिन्याभरात मोडते, पुन्हा तारीख. या खेपांच्या एसटी भाड्यासाठी ती कुणाकडून उसने घेते? मी तर याच खेपांची कादंबरी वाचेन.

सगळे ज्याला "चारशे अठ्ठ्याण्णव" म्हणतात ते नवरा-सासरच्यांच्या छळाचं कलम ४९८-अ दंडसंहितेत १९८३ मध्ये आलं, शिक्षा तीन वर्षांपर्यंत. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि तोच गुन्हा कलम ८५ आणि ८६ मध्ये गेला. लोकांच्या तोंडी आकडा जुनाच आहे, तेव्हा संवादात जुनाच राहू द्या, गोष्ट त्या तारखेनंतरची असेल तर फौजदाराच्या कागदावर नवा लिहा. शिवाय सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या अर्नेश कुमार खटल्यातल्या निकालानंतर अशा गुन्ह्यात सरसकट अटक होत नाही. आधी नोटीस येते. ती नोटीस घेऊन तो घरी येतो आणि ती त्याच घरात असते, हे लेखक विसरतात.

दुसरा कायदा घरगुती हिंसाचाराचा, २००५ चा, २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू. त्यात तुरुंगापेक्षा संरक्षण मुख्य : मारू नये असा आदेश, घरात राहण्याचा हक्क, खर्च, लेकरांचा ताबा. अर्ज न्यायदंडाधिकाऱ्याकडं जातो, संरक्षण अधिकारी घटनेचा अहवाल तयार करतो. पहिली तारीख साधारण तीन दिवसांत आणि निकाल साठ दिवसांत व्हावा असं कायदा म्हणतो. तुमच्या कादंबरीतल्या वकिलाला हे वाक्य एकदा मोठ्यानं वाचू द्या आणि पुढच्या प्रकरणात दोन पावसाळे जाऊ द्या. आदेश मोडला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

"घर माझ्या बापाच्या नावावर आहे, चालती हो," हा संवाद प्रत्येक बाडात असतो. सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये स्पष्ट केलं की घर सासऱ्याच्या नावावर असलं तरी सून जिथं संसार करत होती तिथं राहण्याचा हक्क मागू शकते. म्हणजे वाक्य खोटं आहे, पण बोलणाऱ्याला आणि ऐकणारीला ते खरंच वाटतं. तुमच्या गोष्टीत हे तिला कुणी सांगितलं, कधी सांगितलं, उशिरा सांगितलं का, इथं बरंच काही सापडेल.

गावपातळीवर तंटामुक्त गाव समिती आहे. ही मोहीम २००७ ची. तिथं मिटवामिटवी होते आणि गावाला तंटामुक्तीचं बक्षीस हवं असतं, म्हणून बाईची तक्रार कागदावर येण्याआधीच मिटते. बक्षिसाच्या पैशातून झालेल्या कमानीखालून ती रोज पाण्याला जाते, अशी कादंबरी कुणीतरी लिहावी.

जळीत प्रकरण लिहायचं आहे. काय माहीत असायला हवं?

लग्नाला सात वर्षं व्हायच्या आत बाई गेली तर चौकशी निव्वळ पोलिसांवर सुटत नाही, कार्यकारी दंडाधिकारी येतो, म्हणजे बहुधा तहसीलदार किंवा नायब तहसीलदार. हुंड्यासाठी छळ झाल्याचं दिसलं तर हुंडाबळीचं कलम लागतं, शिक्षा किमान सात वर्षं. त्यामुळं "लग्नाला किती वर्षं झाली" हा प्रश्न दवाखान्यात फार लवकर विचारला जातो आणि नातेवाईक बोटांवर मोजायला लागतात.

पण माझ्या मते सगळी कादंबरी मृत्यूपूर्व जबाबाच्या खोलीत असते. जिल्हा रुग्णालयाचा जळीत कक्ष, खाटेवर मच्छरदाणी, डॉक्टर लिहून देतो की बाई बोलण्याच्या स्थितीत आहे, आणि अधिकारी खाली वाकून विचारतो की कसं झालं. बाहेर व्हरांड्यात सासर आणि माहेर समोरासमोर उभं. तिचं लेकरू सासूच्या कडेवर आहे. ती म्हणते, "स्टोव्हचा भडका झाला." का म्हणते? लेकराला सांभाळणारं कुणी राहावं म्हणून? आपण बरं होऊन त्याच घरी जाणार असं वाटतं म्हणून? त्या एका वाक्यावर नवरा सुटतो, दुसरं लग्न करतो, लेकराला सावत्र आई येते. तिथून पुढचे वीस वर्षांचे सगळे धागे त्या खोलीत जातात. नातेवाईकांना बाहेर काढलं जातं, हे विसरू नका. तिच्या उशाशी नवरा उभा आहे असं लिहिलंत तर तिथल्या अधिकाऱ्याचा हलगर्जीपणाही तुम्ही लिहिताय, याची जाणीव ठेवा.

माझी कादंबरी १९७२ च्या दुष्काळातली आहे. तेव्हा काय होतं?

चारशे अठ्ठ्याण्णव नव्हतं. एका बाडात १९७३ मध्ये फौजदार ते कलम सुनावतो, ते दुरुस्त करा. होती ती गावची बैठक, पोलीस पाटील, आणि काही जातींत काडीमोड आणि पाट, म्हणजे बाईचं दुसरं लग्न. खडी फोडण्याच्या आणि रस्त्याच्या कामांवर मात्र बायांचं नाव मस्टरवर, म्हणजे हजेरीपटावर, स्वतंत्र लागलं, हातात मोजून मजुरी मिळाली. कित्येकींच्या आयुष्यात पहिल्यांदा. ती मजुरी कामावरून घरापर्यंतच्या वाटेत कुठं जाते, तिथं तुमचं पहिलं प्रकरण आहे. १९४८ च्या आधीच्या निजामी काळातली कादंबरी असेल तर ठाणं-कचेरीचे शब्दही वेगळे आहेत, घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा.

हात उगारला जात नाही, पण पैसा देत नाही, कुठं जाऊ देत नाही. याला हिंसा म्हणायचं का?

२००५ चा घरगुती हिंसाचाराचा कायदाही म्हणतो. शारीरिक, लैंगिक, शाब्दिक-भावनिक आणि आर्थिक, चारही त्यात आहेत. कादंबरीला हा प्रकार जास्त मानवतो, कारण त्याला पुरावा नसतो आणि बाईला स्वतःलाच खात्री नसते. गॅसची टाकी संपली हे सांगायला ती चार दिवस घेते. एवढंच लिहा.

रात्रीच्या जबरदस्तीबद्दल लिहावं का?

लिहावं. नवऱ्यानं सज्ञान बायकोवर केलेली जबरदस्ती आपल्या फौजदारी कायद्यात अजूनही बलात्कार धरत नाहीत. २००५ च्या कायद्यात ती लैंगिक छळ म्हणून येते. ती पाळणा का लांबवू शकत नाही, गोळ्या कुठं लपवते, हे लिहिलंत तर अंथरुणापर्यंत जायची गरज नाही.

हे फक्त गरीब वस्तीत दाखवलं तर चुकतं का?

चुकतं आणि कंटाळवाणंही होतं. वस्तीत भिंती पातळ, आवाज झाला की शेजारीण झाडू घेऊन येते. बंजारा तांड्यावर नायक, म्हणजे तांड्याचा प्रमुख, मध्ये पडतो, चांगलं किंवा वाईट. वाड्यात सोपा, माजघर, परसदार ओलांडून आवाज रस्त्यापर्यंत पोचतच नाही. शिवाय वाड्यातल्या बाईला डॉक्टर घरी येतो, म्हणजे दवाखान्याच्या रजिस्टरात "पाय घसरून पडली" एवढी खोटी नोंदसुद्धा राहत नाही. मुस्लिम घरातली कादंबरी लिहिणाऱ्यांनी तलाकवर थांबू नये. २००५ चा कायदा सगळ्या धर्मांच्या बायांना आहे.

अंगात येणारी बाई दाखवली तर अंधश्रद्धा पसरेल का?

लेखकानं देवी आली असं म्हणायची गरज नाही. मंगळवारी हिच्या अंगात येतं आणि त्या दिवशी नवरा हिच्या पाया पडतो, एवढं घडतं ते लिहा. आठवड्यातला एक दिवस तिच्यावर हात उगारला जात नाही. ती हे जाणून करते का, हे तिलाही विचारू नका.

बोली किती वापरावी?

संवादात हवी तेवढी. पण मारणारा बोलीत आणि वाचवणारी समाजसेविका प्रमाण भाषेत, असं करू नका. हे फार होतं.

लिहिताना किंवा वाचताना स्वतःचंच घर डोळ्यांपुढं येतं आणि त्रास होतो.

बाड बाजूला ठेवा. घरात आत्ता काही चालू असेल तर ११२ हा तातडीचा क्रमांक आहे आणि १८१ ही महिलांची हेल्पलाइन. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात बाईला वकील मोफत मिळतो, उत्पन्नाची अट नाही. मन सैरभैर झालं असेल तर टेली-मानस या हेल्पलाइनचा १४४१६. कादंबरी पुढच्या वर्षीही लिहिता येते.

मी माझ्या आईची गोष्ट लिहितेय. नावं बदलली तरी गाव ओळखणार. काय करू?

नुसती नावं बदलून भागत नाही. भावंडांची संख्या बदला, बापाचा धंदा बदला, गाव गोदेकाठचं असेल तर बालाघाटात न्या. तिच्या अंगावरची जी खूण सगळ्यांना माहीत आहे ती काढून टाका, तुम्हाला कितीही प्रिय असली तरी.

मग छापायच्या आधी तिला वाचून दाखवा. तिला वाचता येत असलं तरी तुम्हीच वाचून दाखवा, आणि बाप घरात नसताना. ती म्हणेल "असं नव्हतं", तिथं वही उघडा. बऱ्याचदा तिची आवृत्ती तुमच्यापेक्षा कमी रडकी आणि जास्त कडक असते. ती म्हणाली की हे पान काढ, तर काढा. वाद घालू नका. बाप जिवंत असेल आणि ती त्याच घरात राहत असेल, तर पुस्तक आल्यावर त्या घरात काय होईल याचा विचार प्रकाशक करणार नाही, तो तुम्हालाच करायचा आहे. छापायला दोन वर्षं उशीर झाला तरी चालेल. आमच्याकडे पाठवायचं असेल तर बाडावर तुमचं नाव नसलं तरी आम्ही वाचतो.